अक्षर मोठे करता येणारे पुस्तक

वयस्कर माणसांनी नवे तंत्रज्ञान हाती घेतले की त्यांचे कौतुक करण्याची एक ठरावीक पद्धत रूढ झाली आहे. आजी व्हिडिओ कॉल करू लागल्या, आजोबा फोनवर टंकलेखन शिकले, अशा बातम्या घरोघरी हसऱ्या चेहऱ्याने सांगितल्या जातात. त्या कौतुकात प्रेम असतेच, पण त्याच्या तळाशी एक गृहीतही दडलेले असते, की ही माणसे यंत्रांना मुळातच बिचकतात आणि त्यांनी टाकलेले प्रत्येक पाऊल हा अपवाद आहे. ई-रीडरच्या, म्हणजे पुस्तके वाचण्यासाठीच बनवलेल्या पडद्याच्या यंत्राच्या बाबतीत मला हे गृहीत अजिबात मान्य नाही. माझ्या घरातल्या आणि परिचयातल्या साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकांना मी गेली काही वर्षे जवळून पाहत आले आहे, आणि माझे मत असे झाले आहे की या यंत्राचा खरा उपयोग त्यांनाच आहे. तरुण वाचकासाठी ते सोयीचे असते, वृद्ध वाचकासाठी ते वाचन टिकवून धरणारे ठरू शकते. त्यांचे अडते ते पुस्तक उघडल्यानंतर नाही. पुस्तक उघडेपर्यंत जी खाती, पासवर्ड, न दिसणारी बटणे आणि अपडेटच्या सूचना पार कराव्या लागतात, तिथे त्यांची वाट अडते.

उतारवयात एखाद्याचे वाचन सुटले की आपण ते आवडीशी किंवा एकाग्रतेशी जोडतो. बहुतेक वेळा कारण अगदी शारीरिक असते. चाळिशीच्या सुमारास डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते आणि जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करण्याची त्याची क्षमता कमी होत जाते. साठी-पासष्टीपर्यंत ती जवळजवळ संपते. हे चष्म्याने भरून निघते, म्हणून आपण प्रश्न सुटला असे मानतो. परंतु त्याच काळात डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळसर, धूसर होत जाते, त्यामुळे साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत ढोबळ मानाने एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. शिवाय अक्षर आणि कागद यांच्या रंगांतला फरक टिपण्याची शक्तीही घटते. पिवळ्या पडलेल्या कागदावरची फिकट शाई, दाट ओळी आणि लहान टाइप यांपुढे उत्तम चष्माही हतबल होतो. ‘दिव्याखाली बसून वाचा’ हा सल्ला म्हणूनच अर्धा बरोबर असतो, कारण दिवा प्रकाश वाढवतो, पण अक्षर मोठे करत नाही.

डोळ्यांबरोबर हातही असतात, आणि त्यांच्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्याची झीज वाढत्या वयात अतिशय सामान्य आहे, आणि जाडजूड पुस्तक उघडे धरून ठेवताना सगळा भार नेमका त्याच सांध्यावर येतो. आठशे पानांचे कापडी बांधणीचे पुस्तक सहज एक किलोच्या घरात जाते; साधारण सहा इंची पडद्याचा ई-रीडर दीडशे ते दोनशे ग्रॅमचा असतो. माझ्या वडिलांना इतिहासाचे मोठे ग्रंथ वाचण्याची सवय होती. ते ग्रंथ त्यांनी हळूहळू का बाजूला ठेवले हे आम्हाला कळत नव्हते, कारण ‘हात दुखतो’ असे पुस्तकाबद्दल बोलणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. ते फक्त ‘आता मोठे वाचवत नाही’ असे म्हणत, आणि आम्ही त्याचा संबंध मनाशी जोडत होतो.

या प्रश्नावर छपाईच्या जगाने एक उत्तर शोधले होते. 1964 मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक थॉर्प यांनी ‘अल्व्हर्सक्रॉफ्ट’ या नावाने मोठ्या टाइपातली पुस्तके काढण्यास सुरुवात केली, आणि ती मंद दृष्टीच्या वृद्ध वाचकांसाठी ग्रंथालयांमध्ये लोकप्रिय झाली. कल्पना चांगलीच होती, पण तिच्या मर्यादा कागदाच्याच होत्या. अक्षर मोठे केले की पाने वाढतात, पाने वाढली की वजन वाढते, आणि स्वतंत्र छपाईचा खर्च परवडावा म्हणून मोजकीच, हमखास खपणारी पुस्तके त्या रूपात निघतात. म्हणजे डोळ्यांना दिलासा मिळतो तो मनगटाच्या आणि निवडीच्या मोबदल्यात. ई-रीडरने अक्षराचा आकार आणि पुस्तकाचा आकार यांची ही गाठच सोडवली. तेच पुस्तक, त्याच वजनात, ज्याला जितके हवे तितके मोठे. माझ्या दृष्टीने या यंत्राचे सर्वांत मोठे काम हे आहे. हजारो पुस्तके खिशात मावतात या जाहिरातीतल्या गोष्टीचे सत्तरीच्या वाचकाला फारसे अप्रूप नसते, कारण त्याला एका वेळी एकच पुस्तक वाचायचे असते.

ज्या पडद्यावर हे घडते तो मोबाइलच्या पडद्यापेक्षा वेगळा असतो, आणि हा फरक घरातल्या ज्येष्ठांना नीट समजावून सांगण्यासारखा आहे, कारण ‘स्क्रीनने डोळे बिघडतात’ या धास्तीने अनेक जण सुरुवातच करत नाहीत. ई-इंक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पडद्यात अत्यंत सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीत विरुद्ध विद्युतभार असलेले पांढरे आणि काळे कण एका द्रवात तरंगत असतात. विद्युतदाब दिला की त्यांपैकी एका रंगाचे कण वर येतात, आणि दाब काढून घेतला तरी ते तिथेच राहतात. म्हणून पान स्थिर असताना अक्षरे दाखवत ठेवायला वीज लागत नाही, पान बदलताना लागते, आणि म्हणूनच एकदा चार्ज केलेले यंत्र कित्येक दिवस चालते. अक्षरे आपल्याला दिसतात ती बाहेरून पडलेल्या प्रकाशात, कागदावर दिसतात तशीच. 2012 पासून आलेल्या अनेक यंत्रांत पडद्याच्या कडेला बारीक दिवे असतात, पण त्यांचा प्रकाशही पडद्यावर पसरतो आणि तिथून परतून आपल्याकडे येतो. नव्या यंत्रांपैकी काहींत त्या प्रकाशाची छटा पिवळसरही करता येते, जी रात्रीच्या वाचनात अनेकांना सुखद वाटते.

या तंत्रज्ञानाच्या जन्मकथेत एक तपशील आहे जो मला फार आवडतो. ई-इंक कंपनी 1997 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधल्या संशोधनातून उभी राहिली, आणि तिच्या संस्थापकांत जोसेफ जेकबसन आणि त्यांच्या तरुण विद्यार्थ्यांच्या बरोबरीने जेरोम रुबिन हे गृहस्थ होते. रुबिन यांचा जन्म 1925 चा, म्हणजे कंपनी स्थापन झाली तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्याआधी, 1970 च्या दशकात, वकिलांना संगणकावर न्यायनिवाडे शोधता यावेत यासाठीची ‘लेक्सिस’ ही सेवा उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. तेव्हा ‘हे सगळे तरुणांचे काम’ असे म्हणणाऱ्यांनी ज्या पडद्यावर ते वाचत आहेत त्याच्या संस्थापकांची वये एकदा पाहावीत.

आता एका प्रयोगाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ज्येष्ठांच्या डिजिटल वाचनावर बोलताना भावना जास्त आणि तपासणी कमी असते. जर्मनीतल्या माइन्झ येथील संशोधकांनी 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तरुण वाचक आणि 60 ते 77 या वयोगटातले वाचक यांना छापील पान, ई-इंकचा ई-रीडर आणि प्रकाशमान पडद्याचा टॅब्लेट अशा तिन्ही माध्यमांवर मजकूर वाचायला दिला. वाचताना त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली आणि मेंदूतील विद्युतलहरी नोंदवल्या गेल्या. वाचलेले कितपत समजले, यात माध्यमानुसार फरक पडला नाही. तरुणांच्या नजरेच्या आणि मेंदूच्या नोंदींतही तिन्ही माध्यमांत लक्षणीय फरक नव्हता. ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र टॅब्लेटवर वाचताना नजर प्रत्येक शब्दावर कमी वेळ रेंगाळली आणि मेंदूवरचा ताणही कमी असल्याचे दिसले. संशोधकांनी त्याचे कारण प्रकाशमान पडद्यावरच्या अक्षरांचा अधिक ठळक उठाव हे सांगितले. गंमत अशी की कोणते माध्यम वाचायला चांगले वाटले असे विचारल्यावर यांतल्या जवळजवळ सर्वांनी कागदाच्याच बाजूने कौल दिला.

या निष्कर्षावरून कागदावरचे प्रेम खोटे ठरते असे मी म्हणणार नाही. कागदाचा स्पर्श, उजव्या हातातली उरलेली पाने कमी होत जाताना दिसणे, एखादे वाक्य डाव्या पानाच्या तळाशी होते हे आठवणे, या गोष्टींचेही मोल आहे. ई-रीडरवर वाचलेल्या कथेतल्या घटनांचा क्रम लावणे कागदाच्या तुलनेत अवघड गेल्याचे दाखवणारे प्रयोगही झालेले आहेत. माझ्या लेखी माइन्झच्या प्रयोगाचा उपयोग वेगळा आहे. आपल्याला काय आवडते आणि आपल्या शरीराला काय सोपे जाते, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, आणि ज्याला थकव्यामुळे दोन पानांनंतर पुस्तक मिटावे लागते त्याने आवडीला थोडी मुरड घालून पाहायला हरकत नाही. दुसरे असे की, ई-इंक डोळ्यांना नेहमीच अधिक चांगली असे सरसकट सांगणेही बरोबर नाही. ज्यांची दृष्टी खूप मंद झाली आहे त्यांना मोठ्या, उजळ टॅब्लेटवर अधिक चांगले दिसू शकते. मोतीबिंदू असलेल्यांना पांढऱ्या पार्श्वभूमीची झळाळी त्रास देते, आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे त्यांना अधिक सुखाची वाटतात. ते ज्याचे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी ठरवावे. दुकानदाराने किंवा मुलांनी ठरवू नये.

हे सारे पुस्तक उघडल्यानंतरचे झाले. त्याच्या आधीचा भाग मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. नवा ई-रीडर सुरू केला की तो आधी वाय-फाय मागतो, मग ई-मेल, मग पासवर्ड, मग बऱ्याचदा फोनवर आलेला ओटीपी. मुद्रित पुस्तकाने वाचकाकडे कधीही ओळखपत्र मागितले नव्हते. त्यानंतर पडद्यावर करड्या रंगाच्या लहान अक्षरांत सूचना येतात, आणि इथे विसंगती अशी की अक्षर मोठे करण्याची सोय ज्या मेनूत असते तो मेनूच अनेकदा लहान अक्षरांत असतो. पुस्तक उघडल्यावर बटणे नाहीशी होतात. पडद्याच्या उजव्या भागाला बोट लावले तर पुढचे पान, डावीकडच्या अरुंद पट्टीला लावले तर मागचे, वरच्या भागाला लावले तर मेनू, आणि या सीमारेषा कुठेही आखलेल्या नसतात. ज्याच्या हाताला थोडा कंप आहे त्याचे बोट जरा जास्त वेळ टेकते, यंत्र त्याला ‘दाबून धरणे’ समजते, आणि पान उलटण्याऐवजी एखादा शब्द रंगतो किंवा शब्दकोश उघडतो. यंत्र हातात धरताना अंगठा नकळत काचेला लागला की पाने सरकतात. वयाने त्वचा कोरडी झालेली असेल तर काही टच पडद्यांना बोट लागल्याचे कळतच नाही, मग माणूस जोर लावून दाबतो आणि मग एकदम तीन पाने पुढे जातात. पान उलटण्यासाठी खरीखुरी बटणे असलेले ई-रीडर मिळतात. ज्येष्ठांसाठी यंत्र निवडताना पडद्याचा आकार आणि साठवणक्षमता यांच्या आधी मी या बटणांकडे पाहीन, कारण बटण दाबल्याचे बोटाला कळते आणि नुसते टेकल्याने ते दाबले जात नाही.

एक अडचण अशी आहे की ती कुठल्याही माहितीपुस्तिकेत नीट सांगितलेली मला आढळली नाही. माझी मावशी आणि तिचे यजमान दोघे एकाच खात्यावर दोन यंत्रे वापरत होते आणि एकच कादंबरी वाचत होते. काकांचा वाचनाचा वेग जास्त. मावशीने पुस्तक उघडले की यंत्र तिला सांगे, तुम्ही यापेक्षा पुढे वाचले आहे, तिथे जायचे का? ती होकार देई आणि न वाचलेल्या प्रकरणात जाऊन पोचे. आपल्याला वाचलेले आठवत नाही, अशी शंका तिच्या मनात घर करू लागली होती. एकाच खात्यावरची यंत्रे ‘सर्वांत पुढे वाचलेले पान’ आपापसांत जुळवून घेतात, हे कळल्यावर ती सोय बंद केली आणि प्रश्न मिटला. पण विसरभोळेपणाची भीती आधीच मनात असलेल्या वयात अशी एक मूक सोय माणसाला स्वतःविषयी काय काय समजायला लावते, याचा विचार ती घडवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

मराठी वाचकांची यात आणखी एक जादा कसरत असते. सगळ्या भाषांची अक्षरे कोणत्याही संगणकावर सारखीच ओळखली जावीत यासाठीचे युनिकोडचे मानक 1991 पासून अस्तित्वात असले तरी मराठी प्रकाशनाचे कितीतरी काम दीर्घकाळ वेगवेगळ्या जुन्या फॉन्टांत होत राहिले, आणि तो मजकूर सरळ ई-बुकमध्ये आणला तर अक्षरांची जागा निरर्थक चिन्हे घेतात. किंडल या ॲमेझॉनच्या ई-रीडरच्या दुकानात मराठी पुस्तके अधिकृतपणे येऊ लागली ती 2016 च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे पहिला किंडल 2007 मध्ये आल्यानंतर नऊ वर्षांनी. जुनी, दुर्मीळ पुस्तके महाजालावर मिळतात ती बहुधा पानांची छायाचित्रे असलेल्या पीडीएफच्या रूपात. आपल्या आई-वडिलांना ‘भरपूर पुस्तके टाकून दिली’ असे समाधानाने सांगणाऱ्या मुलांनी हे समजून घ्यावे, की पीडीएफचे पान हे ठरलेल्या आकाराचे चित्र असते. ते मोठे केले की ओळी पडद्याबाहेर जातात, आणि प्रत्येक ओळ वाचायला पान डावीकडून उजवीकडे सरकवावे लागते. ज्या एका कारणासाठी यंत्र घेतले ते कारणच तिथे नाहीसे होते. ईपबसारख्या स्वरूपातल्या पुस्तकात मजकूर पडद्याच्या रुंदीनुसार नव्याने वाहतो, म्हणून पुस्तके कमी मिळाली तरी चालतील, पण ती या स्वरूपातली असावीत. अक्षर बरेच मोठे केल्यावर एका ओळीत चार-पाचच शब्द मावतात आणि दोन्ही कडा जुळवण्याच्या नादात शब्दांमध्ये मोठाली भगदाडे पडतात. तेव्हा मजकूर फक्त डावीकडे जुळवून घ्यावा, समास कमीत कमी ठेवावेत आणि अक्षर आणखी मोठे करण्याआधी ते ठळक करून पाहावे. जोडाक्षरे ठळकपणाने जास्त सुटी दिसतात असा माझ्या वडिलांचा अनुभव आहे, आणि या बाबतीत मी त्यांच्या डोळ्यांवर विश्वास ठेवते.

शिकवण्याच्या बाबतीत मात्र आमची पिढी फारच अधीर आहे. ‘आणा इकडे, मी करून देते’ असे म्हणत आपण यंत्र त्यांच्या हातून काढून घेतो, आपली बोटे झरझर चालतात, आणि मिनिटभराने यंत्र परत करताना ‘बघा, किती सोपे आहे’ असे वर म्हणतो. त्यातून ते एवढेच शिकतात की पुढच्या वेळीही आपल्यालाच बोलवायचे. यंत्र ज्याचे त्याच्याच हातात राहील, आणि बोट त्याचेच हलेल, एवढे एक पथ्य पाळले तरी शिकण्याचा निम्मा रस्ता कापला जातो. माझ्या मावशीने सगळ्या कृती एका वहीत स्वतःच्या शब्दांत लिहून काढल्या आहेत. तिच्या वहीत ‘होम स्क्रीन’ नाही, ‘सगळी पुस्तके दिसतात ते पान’ आहे; ‘मेनू’ नाही, ‘वर बोट लावल्यावर येणारी पट्टी’ आहे. मी लिहून दिलेल्या सूचनांपेक्षा ती वही कितीतरी उपयोगी पडते, कारण तिच्यात गोष्टींची नावे त्या जशा दिसतात त्यावरून पडली आहेत.

‘काही बिघडले तर?’ या त्यांच्या प्रश्नाला आपण हसतो, तेही अन्यायाचे आहे. ज्या यंत्रांबरोबर त्यांचे आयुष्य गेले त्यांत चूक खरोखर महाग पडत असे. टंकलेखन यंत्रावर शेवटच्या ओळीत चूक झाली तर कधीकधी पूर्ण पान पुन्हा उतरवावे लागे, कॅमेऱ्याचे बटण चुकून दाबले तर फिल्मची एक चौकट वाया जाई. त्यांची सावधगिरी अनुभवातून आलेली आहे. शिवाय आपण त्यांना परस्परविरोधी उपदेश करतो. फोनच्या बाबतीत सांगतो की अनोळखी दुव्याला हात लावू नका, काही विचारले तर होकार देऊ नका, ओटीपी कुणाला सांगू नका. आणि ई-रीडर हातात देताना सांगतो की दाबून बघा, काहीही होत नाही. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर असले तरी कोणत्या यंत्राला कोणता सल्ला लागू होतो हे त्यांना कुणी सांगत नाही. खरे तर डिजिटल जगाचा सराव करण्यासाठी ई-रीडरसारखी निर्धोक जागा दुसरी नाही. तिथे कुणाचे संदेश येत नाहीत, बँकेचे खाते नसते, कुणी फोन करून घाबरवत नाही. एकच जागा जपायची, ती म्हणजे पुस्तकांचे दुकान, कारण खात्याला कार्ड जोडलेले असेल तर एका बोटाने खरेदी होऊ शकते. लहान मुलांसाठी दिलेल्या नियंत्रणांच्या सोयीतून हे दुकान बंद ठेवता येते, किंवा यंत्र सरळ विमान मोडवर ठेवता येते, ज्याने बॅटरीही जास्त टिकते.

आणि या सरावातून कोण कुठवर जाईल ते सांगता येत नाही. जपानच्या मासाको वाकामिया यांनी बँकेतल्या नोकरीतून निवृत्त होण्याच्या सुमारास पहिला संगणक घेतला. वृद्ध आईची देखभाल करताना घराबाहेर पडता येणार नव्हते आणि लोकांशी बोलणे तुटू द्यायचे नव्हते, हे त्यामागचे कारण. आपल्या वयाच्या लोकांना खेळता येईल असा मोबाइलवरचा खेळ सापडत नाही, म्हणून त्यांनी प्रोग्रामिंग शिकून 2017 मध्ये, वयाच्या 81 व्या वर्षी, तो स्वतःच तयार केला. त्यांचे उदाहरण मी ‘तुम्हीही असे करा’ म्हणून देत नाही. सगळ्या तरुणांनी तरी कुठे ॲप बनवली आहेत? मला त्यात महत्त्वाचे वाटते ते कारण. त्या तंत्रज्ञानाकडे वळल्या त्या काळाबरोबर राहण्यासाठी नाही, तर त्यांना बोलायला माणसे हवी होती म्हणून. ज्येष्ठांना यंत्राचे आकर्षण वाटावे अशी अपेक्षाच चुकीची आहे, त्यांना पुस्तकाचे आकर्षण असते आणि तेवढे पुरेसे आहे.

दृष्टी आणखी मंदावली तर ऐकण्याचा मार्ग उरतो, आणि तोही आता चांगला रुंद झाला आहे. फोनमध्येच मजकूर वाचून दाखवण्याची सोय असते, मराठी आवाजही उपलब्ध आहे. मात्र या सोयीलाही झगडावे लागले आहे. 2009 मध्ये किंडलच्या दुसऱ्या आवृत्तीत पुस्तक मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आली तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने ध्वनिपुस्तकांच्या हक्कांचा मुद्दा काढून आक्षेप घेतला, आणि प्रकाशकांना ती सोय पुस्तकागणिक बंद करण्याची मुभा मिळाली. ज्यांना छापील मजकूर वाचता येत नाही अशांसाठी पुस्तकांच्या वाचनसुलभ प्रती तयार करता याव्यात म्हणून 2013 मध्ये मराकेश करार झाला आणि 2016 मध्ये तो अमलात आला. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. हा करार फक्त पूर्णतः अंध व्यक्तींसाठी नाही. ज्यांची दृष्टी वयामुळे फार मंदावली आहे किंवा शारीरिक अपंगत्वामुळे ज्यांना पुस्तक धरता येत नाही, त्यांनाही तो लागू होतो, हे फार थोड्या कुटुंबांना ठाऊक असते.

ज्येष्ठांचा एक आक्षेप मात्र मी पूर्णपणे मान्य करते. माझ्या वडिलांनी पहिली काही ई-पुस्तके घेतल्यावर विचारले होते, की माझ्यानंतर ही कुणाची? प्रश्न साधा आहे आणि उत्तर नकोसे आहे. बहुतेक दुकानांतून आपण ई-पुस्तक विकत घेत नाही, ते वाचण्याचा परवाना घेतो, आणि तो परवाना सहसा दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. 2009 मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन कादंबऱ्यांच्या विकल्या गेलेल्या प्रती वाचकांच्या यंत्रांतून दूरस्थपणे पुसून टाकल्या, कारण ज्याने त्या दुकानात ठेवल्या होत्या त्याच्याकडे हक्क नव्हते; पैसे परत मिळाले आणि कंपनीने माफीही मागितली, पण पुस्तक घरातून परस्पर काढून नेता येते हे सिद्ध झाले. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा वाचकांना पैसे परत दिले गेले आणि पुस्तके उघडेनाशी झाली. 2025 च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून घेऊन केबलने यंत्रात टाकण्याची सोय काढून घेतली. ज्या पिढीने पहिल्या पानावर नाव आणि तारीख लिहून पुस्तके जपली, एकमेकांना दिली, परत मागितली, तिला ही व्यवस्था संशयास्पद वाटली तर ते जुनाटपणाचे लक्षण नाही, व्यवहारज्ञानाचे आहे.

वडिलांनी यावर स्वतःच एक विभागणी ठरवली आहे आणि ती मला शहाणपणाची वाटते. जे पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटेल किंवा नातवंडांच्या हाती पडावेसे वाटेल ते ते अजूनही कागदावर घेतात आणि कपाटात ठेवतात, त्यातली निम्मी पुस्तके मात्र ते वाचतात ई-रीडरवर, म्हणजे एकाच पुस्तकाचे पैसे दोनदा देतात, याबद्दल आमचा वाद अजून चालू आहे. स्वामित्वहक्काची मुदत संपलेली पुस्तके ते ईपब स्वरूपात घेतात आणि त्यांच्या प्रती संगणकावर एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात, कारण त्यांवर कुणाचे कुलूप नाही आणि ती कुणालाही देता येतात. बाकीचे, म्हणजे एकदा वाचून सोडून द्यायचे, ते परवान्यावर. खात्याचा ई-मेल आणि पासवर्ड त्यांनी घराच्या कागदपत्रांबरोबर एका लिफाफ्यात ठेवला आहे, आणि पासवर्ड बदलला की तो लिफाफा ते स्वतः बदलतात.